ओच्यातली पाथरी, पाकिटातली पावडर

वस्तीत एखादी सून गरोदर राहिली, किंवा कॉलेजला जाणारी पोरगी चक्कर येऊन पडली, की घरचा माणूस पहिल्यांदा सफरचंदं आणतो. जोडीला डाळिंब. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असो वा नसो, मेडिकलमधून पावडरचा डबाही येतो. त्या दिवसाची निम्मी हजेरी त्यातच जाते. यामागची माया खरी आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण सफरचंदानं रक्त वाढत नाही. डाळिंबातही लोह अगदी थोडं असतं, दाण्यांचा रंग लाल आहे एवढंच. बिटाचंही तेच. जे लाल दिसतं ते रक्त वाढवतं, हा समज मी आधी दवाखान्यात ऐकला आणि आता वस्त्या-वस्त्यांत ऐकते.

त्याच दिवशी त्याच दारासमोरून हातगाडीवर मेथी, चाकवत, पोकळा गेलेला असतो. हिवाळ्यात एका किलो सफरचंदाच्या पैशात आठवड्याची पालेभाजी आणि वर किलोभर पेरू येतात. पण मेथी म्हणजे रोजची, गरिबाघरची. "आजारी माणसाला मेथी कशी द्यायची हो सिस्टर, लोक काय म्हणतील?" असं मला एका सासूबाईंनी खरोखर विचारलं आहे. या ‘लोक काय म्हणतील’बद्दल पुढं बोलूच.

आधी आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे 54 जणींना रक्तक्षय निघाला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये शंभरात जवळपास 69. त्याआधीच्या 2015-16 च्या फेरीत बायकांचा आकडा 48 होता. म्हणजे तो खाली आलाच नाही, वर गेला. या काळात घराघरात मोबाइल आले, गल्लीच्या तोंडावर पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, आणि बायकांचं रक्त कमी झालं. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर हवं, गरोदर असेल तर निदान 11. आपल्या वस्त्यांत नऊ-साडेनऊवर घरचं आवरून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी बायका आहेत. धाप लागली की "वय झालं" म्हणतात. वय असतं बत्तीस.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या भागात, त्या-त्या महिन्यात जे पिकतं ते खाणं ही गरिबाच्या घरची सगळ्यात स्वस्त ताकद आहे. अलीकडं हा विषय श्रीमंतांचा झाला आहे. ‘सेंद्रिय’, ‘सुपरफूड’ असल्या पाट्या लागल्या की आपल्याला वाटतं हे आपल्यासाठी नव्हे. खरं तर हे ज्ञान आपल्याच आज्यांचं होतं.

आधी हंगामाचं गणित समजून घेऊ. भाजी तोडल्यापासून तिच्यातलं क जीवनसत्त्व घटायला लागतं. पालेभाजी उन्हात, पोत्यात, गाडीत दोन-तीन दिवस राहिली की त्यातला बराच भाग गेलेला असतो. कोल्हापुरात मात्र करवीर, हातकणंगले, शिरोळ भागातली भाजी पहाटे निघून सकाळी शाहू मार्केट यार्डात, लक्ष्मीपुरीत, कपिलतीर्थला येते आणि दुपारपर्यंत राजारामपुरीच्या गल्ल्यांत फिरते. बेळगाव, निपाणीची भाजीही आपल्याला जवळचीच. राज्याची सीमा पोटाला कळत नाही. दुसरी गोष्ट भावाची. ज्याचा हंगाम असतो त्याची आवक वाढते आणि भाव पडतो. जानेवारीत मेथीची जुडी मातीमोल होते, तीच मे महिन्यात डोळे वटारते. तिसरी गोष्ट औषधाची. हंगाम नसताना घेतलेल्या पिकावर कीड-रोग जास्त, म्हणून फवारणीही जास्त. भर पावसाळ्यातला फ्लॉवर पांढराशुभ्र दिसतो तेव्हा त्याच्यावर काय-काय मारलं असेल याचा विचार करा. त्याच पैशात दोडका, पडवळ, भेंडी घ्या.

आता मुद्द्याची भाजी. आपल्या आया-आज्या दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायच्या. जमीन दुसऱ्याची, पीक दुसऱ्याचं, आपलं काय तर तण. त्या तणातूनच त्या पाथरी, घोळ, तांदळी, कुर्डू वेचून घ्यायच्या आणि संध्याकाळी ओच्यात भरून आणायच्या. मालकाच्या दृष्टीनं तो कचरा होता. आपल्या घरात ती भाकरीबरोबरची भाजी होती. कुठला पाला कोवळा असताना खायचा, कुठला उकळून पाणी टाकायचं, कशाला चिंच लागते, बाळंतिणीला काय चालतं, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. शाळेत न गेलेल्या बायकांचं वनस्पतिशास्त्र होतं ते. मी नर्सिंगच्या पुस्तकात आहारावरचं प्रकरण वाचलं तेव्हा त्यात पालकाचं नाव होतं. पाथरीचं नव्हतं, कुर्डूचं नव्हतं.

मग ही भाजी आपल्या घरातून गेली का? एक कारण तणनाशक. आपला जिल्हा उसाचा. उसात भांगलणीऐवजी फवारणी आली आणि पाथरी-घोळ रानातच जळाली. (म्हणून उसाच्या बांधावरून आज काही खुडून आणू नका, कधी फवारलं आहे ते आपल्याला सांगायला कुणी येत नाही.) दुसरं कारण आपण स्वतः. गाव सोडून शहरात आलो, शिकलो, नोकऱ्या लागल्या, तेव्हा गावकुसाबाहेरच्या आठवणींबरोबर त्या भाज्याही नकोशा झाल्या. नाचणीची भाकरी काळी, हुलग्याचं माडगं काळपट, सुकटीचा वास येतो. पाहुण्यांसमोर हे ठेवायचं कसं? पांढरी चपाती, पांढरा भात, पांढरी साखर आली. त्या पांढऱ्या रंगाला आपण प्रगती समजलो.

इथं एक फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. 1927 च्या डिसेंबरात महाडला बायकांसमोर बोलताना बाबासाहेबांनी कपड्यालत्त्याबरोबर खाण्याचाही विषय काढला होता. मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, हे त्यांनी निक्षून सांगितलं. शिळ्या भाकरीसाठी दारोदार हाक मारणं, ओढलेल्या जनावराचं मांस वाटून खाणं ही गुलामीची खूण होती. ती टाकली ते योग्यच झालं. त्याच टोपलीत आपण पाथरी, नाचणी आणि हुलगाही टाकून दिला. तो आपल्या कष्टाचा आणि अकलेचा भाग होता, कुणाच्या उपकाराचा नव्हता. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजायचं, ते त्यांनी न लाजता लिहून ठेवलं आहे. आपल्या कोल्हापूर भागातलं असं कुणी लिहील का, याची मी वाट बघते. तोवर निदान आज्जीला विचारून वहीत तरी लिहा.

आपण टाकलं ते दुसऱ्यांनी उचललंसुद्धा. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेही भारत सरकारच्याच प्रस्तावावरून. तेव्हापासून नाचणी चकचकीत पाकिटात आली आहे. राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर नाचणीची बिस्किटं मिळतात. एकदा पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा, पहिल्या क्रमांकावर बहुतेक वेळा मैदा असतो आणि मागोमाग साखर. शेवग्याच्या पाल्याची ‘मोरिंगा पावडर’ झाली. तोच पाला आपल्या वस्तीमागं शेंगा काढून झाल्यावर शेळीपुढं टाकतात. आणि ‘हेल्थ ड्रिंक’चं म्हणाल तर 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना ही पेयं त्या नावाच्या यादीतून काढायला सांगितलं. कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी काही व्याख्याच नाही. डब्यावर पळणारा मुलगा दिसतो, आत बरीचशी साखर असते.

नाचणीचा हिशेब सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच गाईच्या दुधात एकशेवीसच्या आसपास. दूध वाईट असं मी म्हणत नाही, मिळत असेल तर मुलांना द्याच. पण ज्या घरात अर्ध्या लिटरमध्ये सहा जणांचा चहा होतो, तिथं मुलाच्या हाडांना काय मिळणार? गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड, शाहूवाडी ही आपल्याच जिल्ह्याची डोंगरपट्टी, तिथं नाचणी पिकते. उन्हाळ्यात आंबील करा. लहान बाळाला सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व द्या, पण ते पाणीदार नको, चमच्यावर टिकेल एवढं घट्ट हवं. साखरेची बीमारी असणाऱ्यांनी मात्र नाचणी आहे म्हणून चार-चार भाकरी खाऊ नयेत, तेही पीठच आहे.

हुलग्याबद्दल तर मला भांडावंसं वाटतं. शंभर ग्रॅममध्ये एकवीस-बावीस ग्रॅम प्रथिनं, लोहही भरपूर, आणि भाव बहुतेक डाळींपेक्षा कमी. मोड आणले की त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. मटकीचंही तसंच. 2015 च्या कायद्यानं राज्यात बैलाचं मांसही बंद झालं, तेव्हा कितीतरी गरीब घरांतलं स्वस्त प्रथिन एका रात्रीत गेलं. त्या जागी हुलगा, मटकी, अंडं, सुकट यायला हवी होती. आली बिस्किटं. आपली घरं मांसाहारी आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट मटणातलं, कलेजीतलं लोह शरीरात पालेभाजीतल्यापेक्षा सहज शोषलं जातं. महिन्यातून एकदा किलोभर मटण आणून पुरुषांनी बैठकीत संपवण्यापेक्षा दर आठवड्याला पाव किलो कलेजी किंवा वजडी आणा आणि पहिल्यांदा घरातल्या पोरींच्या ताटात वाढा. गरोदर बाईनं मात्र कलेजी थोडी आणि कधीतरीच खावी, अ जीवनसत्त्व जास्त झालेलं त्या काळात चालत नाही. सुकट, जवळा घाटाखालून, कोकणातून येतो. बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जाते, म्हणून त्यातून कॅल्शियमही मिळतं. फक्त रक्तदाब असणाऱ्यांनी ती दोन पाण्यांनी धुऊन घ्यावी, मीठ फार असतं.

वर्षाचा फेरा आपल्याकडं असा असतो. पावसाळ्याच्या तोंडाला जांभळं, मग टाकळा, कुर्डू, घोळ, अळू, शेवग्याचा पाला. टाकळा कोवळा, बोटभर उंचीचा असतानाच खायचा. (आपल्या राजारामपुरीला लागून टाकाळा नावाची अख्खी वसाहत आहे, पण तिथल्या किती घरांत टाकळा शिजतो कोण जाणे.) भाद्रपदाच्या सुमाराला ओल्या भुईमुगाच्या शेंगा येतात. मीठ घालून उकडलेल्या त्या शेंगांपुढं कुठलीही पुडी फिकी आहे. थंडी पडली की मात्र आपला जिल्हा हात सैल सोडतो. मेथी, चाकवत, करडई, शेपू, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात, वरणा, पावटा, वांगी, गाजर. पेरू, बोरं, आवळा. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या तीन-चार पट असतं, आवळ्यात त्याहूनही जास्त. शिवाय जेवणात पेरूची फोड किंवा लिंबू असलं तर भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. वर्षभरात रक्त भरून काढायचे महिने हेच. उन्हाळ्यात पालेभाजी महाग होते, तेव्हा शेवग्याच्या शेंगा, गवारी, काकडी, कैरी. पन्हाळा भागातल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन करवंदं आणतात, त्यांच्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नका.

वाळवण हाही हंगामाचाच भाग. मेथी वाळवून ठेवणं, हरभऱ्याचा पाला सुकवून डब्यात भरणं, सांडगे घालणं, चिंच-आमसूल राखणं. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कितीतरी दिवस बंद होता. राजारामपुरी उंचावर म्हणून इथं पाणी चढलं नाही, पण भाजी, दूध, पेट्रोल सगळं आटलं. शिरोळची भाजी तर पाण्याखालीच होती. म्हणजे जवळचं पिकतंय म्हणून नेहमी हाताशी असेलच असंही नाही. त्या दिवसांत ज्यांच्या डब्यात हुलगे, सुकट आणि सांडगे होते, त्यांच्या चुली चालल्या. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. पूर आता पाहुणा राहिलेला नाही, तेव्हा जूनपूर्वी डबे भरून ठेवायला हरकत काय?

आता नर्स म्हणून चार गोष्टी, कारण नुसतं ‘जवळचं ते चांगलं’ म्हणून भागत नाही. पंचगंगेची अवस्था आपल्याला माहीत आहे. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती पाण्यामुळंच. तेव्हा भाजी निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवा, पण चिरायच्या आधी. चिरून धुतली की जीवनसत्त्व मोरीत जातं. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खाऊ नका. जयंती नाल्याच्या किंवा कुठल्याही गटाराच्या काठचा पाला कितीही हिरवागार दिसला तरी हात लावू नका. ओळख पटल्याशिवाय कुठलीच रानभाजी शिजवू नका, घरातल्या जाणत्या बाईला दाखवा. अळू खवखवतं, त्याला चिंच किंवा आमसूल हवंच. भाजी झाकून, कमी पाण्यात शिजवा, लोखंडी कढई असेल तर उत्तम. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा पोटात जाऊन लोहाला धरून बसतो. एक तास थांबा. आपल्याकडं सकाळी चहा-चपाती, दुपारी जेवणावर चहा, संध्याकाळी चहा-बटर. खाल्लेलं लोह चहाच पितो, आपण नाही.

गुळाबद्दलही सांगून टाकते, कोल्हापूरकरांना राग येईल तरी. गुऱ्हाळावरचा गूळ चांगलाच, साखरेपेक्षा बरा. पण रोज एक खडा खाऊन रक्त वाढत नाही, त्यात लोह जेमतेम असतं. आणि रक्त वाढावं म्हणून वाटीभर गूळ खाणं हा दुसऱ्याच आजाराचा रस्ता आहे.

सगळ्यात महत्त्वाचं. हिमोग्लोबिन सात-आठवर आलं असेल तर ते मेथीनं भरून निघणार नाही. तिथं गोळी लागते, कधी शिरेतून इंजेक्शन, कधी रक्तच चढवावं लागतं. गरोदर बाईला रोज एक याप्रमाणं निदान 180 दिवसांच्या लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून, आशाताईंकडून फुकट मिळतात. कितीतरी घरांत त्या पिशवीत तशाच पडलेल्या असतात, कारण शौचाला काळं होतं, मळमळतं, किंवा "बाळ काळं होईल" म्हणून सासूनं बंद केलेल्या असतात. बाळ काळं होत नाही, आणि झालं तरी काय बिघडलं? मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये मुलांना जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका. पोटात जंत असतील तर चांगलं खाल्लेलं तेच खातात. भाजी ही गोळीची सवत नाही, दोघी एकत्र नांदू देत.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था माणशी रोज शंभर ग्रॅम पालेभाजी खायला सांगते. पाच जणांचं घर असेल तर अर्धा किलो निवडलेली भाजी. ती निवडायला तास जातो. पहाटे पाचला उठून दोन बंगल्यांची कामं करून आलेल्या बाईनं तो तास कुठून आणायचा? आहारावरचं प्रत्येक भाषण शेवटी बाईच्याच डोक्यावर एक काम ठेवून जातं, याचा मला संताप येतो. मोबाइल बघत बसलेल्या पुरुषाच्या मांडीवर मेथीची जुडी आणि समोर ताट ठेवा. मुलगा दहावीत असला तरी त्याच्या हाताला काही होत नाही. आणि वाढताना सगळ्यांचं होऊन उरलेलं बाईनं खायचं, ही रीत तर आजच बंद करा. ज्या घरात समतेच्या गोष्टी होतात, त्या घरातल्या कढईचा तळ रोज एकाच माणसाच्या वाट्याला का यावा?

काही गोष्टी मात्र घरात बसून होणार नाहीत. रेशनवर प्राधान्य गटातल्या माणसाला पाच किलो धान्य मिळतं, 2023 पासून फुकट. ते बहुतेक गहू-तांदूळ, क्वचित ज्वारी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची सोय आधीपासून आहे. मग राधानगरी-चंदगडची नाचणी आपल्या रेशन दुकानात का दिसत नाही, हे आपल्या नगरसेवकांना विचारलं पाहिजे. दुसरं, खेडेगावातून पाटी घेऊन येणाऱ्या, फुटपाथवर बसणाऱ्या भाजीवाल्या मावश्या. अतिक्रमणाची गाडी आली की त्यांची टोपली उचलली जाते. 2014 चा पथविक्रेता कायदा त्यांच्या बाजूनं आहे. त्या उठल्या तर आपल्याला ताजी भाजी देणारं कुणी उरणार नाही, उरतील ती काचेची दुकानं. आणि जमिनीचा प्रश्न तर आहेच. दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला. आज आपल्या बहुतेक घरांकडं कुंडीपुरतीही माती नाही. तरी पत्र्याच्या कडेला जुन्या डब्यात पुदिना, घराच्या मागं आंघोळीच्या पाण्यावर अळू, आणि विहाराच्या मोकळ्या जागेत एक शेवगा एवढं होतं. शेवग्याची फांदी पावसाळ्याच्या तोंडावर खोचली तरी जगते, वर्ष-दीड वर्षात पाला-शेंगा देते.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि रानभाज्यांचा हंगामही तेव्हाच असतो. विहारात रविवारी वंदनेला आपण जमतोच. त्या तीन महिन्यांत दर रविवारी वस्तीतल्या एका वयस्क बाईनं एक पाला आणावा, तरण्या पोरींना दाखवावा, कसा निवडायचा, कसा शिजवायचा ते सांगावं, आणि एकीनं ते वहीत लिहून घ्यावं. त्याच दिवशी आशाताईंना बोलावून हिमोग्लोबिन तपासून घेता येईल. बोटाला टोचायचं, दोन मिनिटांचं काम आहे. आकडा वहीत नावापुढं लिहायचा आणि प्रवारणेच्या पौर्णिमेला पुन्हा मोजायचा. कार्यकर्त्या मुलांना एवढंच सांगणं, की त्या दिवशी चहाऐवजी लिंबूपाणी ठेवा.